गर्भपाताचा हक्क आणि अंतराचा प्रश्न : फोनवरील वैद्यकीय सल्ला नगर जिल्ह्यात काय करू शकतो?

विशेष प्रतिनिधी

अहिल्यानगर : गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारा वैद्यकीय गर्भपात कायदा देशात १ एप्रिल १९७२ पासून अमलात आहे. त्याला पन्नास वर्षे उलटून गेली आणि २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्तीही झाली. तरीही अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील किंवा पाथर्डीच्या ऊसतोड कुटुंबातील स्त्रीला या कायद्याचा लाभ घ्यायचा असेल, तर तिच्यापुढचा पहिला प्रश्न कलमांचा नसतो. तो एसटीच्या वेळेचा, बुडणाऱ्या मजुरीचा आणि गावात कळले तर काय, या धास्तीचा असतो.

करोनाच्या काळात फोनवरून किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याची पद्धत, म्हणजेच टेलिमेडिसिन, आपल्याकडे रुळली. त्यानंतर गर्भपाताच्या सेवेतील अंतरही याच मार्गाने कापता येईल का, असा प्रश्न जगभर विचारला जाऊ लागला. काही देशांनी त्याला होकार दिला. भारतात मात्र त्याचे उत्तर अर्धवट आहे. सल्ला फोनवर मिळू शकतो. गोळी मात्र मान्यताप्राप्त केंद्राशी आणि नोंदणीकृत डॉक्टरशी बांधलेली आहे. या चौकटीत राहूनही नगरसारख्या जिल्ह्यात बरेच काही करता येण्याजोगे आहे. ते काय, आणि फोनने जे कधीच सुटणार नाही ते काय, हे पाहणे म्हणूनच गरजेचे ठरते.

विस्तीर्ण जिल्हा, आठवड्यांची शर्यत

२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा विस्तार, चौदा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोकसंख्या. त्यातील सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्याची रचना विषम आहे. प्रवरा आणि गोदावरीच्या पाण्यावर वाढलेला संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी हा साखरपट्टा दवाखान्यांच्या दृष्टीने संपन्न आहे. लोणी येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगर शहराजवळ विळद घाटातही आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत अकोले तालुक्यात महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. अकोल्यापासून जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर, आणि घाटघर, रतनवाडीसारखी गावे त्याच्याही पलीकडे. दक्षिणेला व पूर्वेला जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव हा अवर्षणप्रवण भाग. येथील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

गर्भपाताच्या बाबतीत अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. ते आठवड्यांतही मोजावे लागते. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. त्यापुढे पिशवी साफ करण्याची, म्हणजे निर्वात पद्धतीने गर्भाशय रिकामे करण्याची प्रक्रिया करावी लागते. बारा आठवड्यांनंतर प्रक्रिया अधिक गुंतागुंतीची होते, ती करू शकणारे डॉक्टर व केंद्रे कमी होतात आणि खर्च वाढतो. पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत पाच-सहा आठवडे निघून गेलेले असतात. त्यानंतर घरात विषय काढायला एक आठवडा, बाजाराच्या दिवशी तालुक्याला जायला दुसरा, आणि तेथे डॉक्टर न भेटल्यास तिसरा. सोप्या उपायाची मुदत अशी हातोहात निघून जाते.

फडावर असलेल्या स्त्रीची अडचण आणखी वेगळी. घरचे आरोग्य केंद्र दूर राहिलेले, नव्या ठिकाणचे माहीत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने नवरा-बायकोच्या जोडीने एक दिवस खाडा केला तरी तो अंगावर येतो. ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये उजेडात आले आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वेळेवर व साध्या उपचारांची सोय नसली, की बायकांचे आजार टोकाच्या उपायांपर्यंत कसे जातात, हे त्यातून दिसले. नगरचे दक्षिण तालुके याच पट्ट्याला लागून आहेत.

कायदा काय सांगतो?

गर्भपाताच्या कायद्याशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. केंद्र सरकारने १९६४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळातील मंत्री होते. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९७१ चा कायदा आकाराला आला. या कायद्याने स्त्रीला मागेल तेव्हा गर्भपाताचा हक्क दिला असा समज आहे; तो बरोबर नाही. भारतीय दंड विधानात गर्भपात हा गुन्हाच होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ८८ आणि पुढील कलमांत तो गुन्हाच आहे. वैद्यकीय गर्भपात कायदा ठरावीक अटी पाळणाऱ्या डॉक्टरला या गुन्ह्यातून संरक्षण देतो. म्हणजे स्त्रीची इच्छा पुरेशी नाही. तिच्या आरोग्याला धोका आहे किंवा गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याने तिला मानसिक यातना होत आहेत, असे डॉक्टरांचे मत व्हावे लागते.

२००८ मध्ये मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार आणि त्यांच्या रुग्ण दांपत्याने वीस आठवड्यांच्या मर्यादेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. परवानगी मिळाली नाही. परंतु त्यानंतर देशभर सुरू झालेल्या चर्चेचा शेवट २०२१ च्या दुरुस्तीत झाला. २४ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग आदी ठरावीक गटांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यानंतरही परवानगी मिळू शकते. 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

दोन गोष्टी मात्र आजही अनेक दवाखान्यांच्या पायरीवर विसरल्या जातात. एक, प्रौढ स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याला नको असते. दोन, तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे आणि ते उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

गोळी आली, पण दार अरुंदच

गर्भपात शस्त्रक्रियेनेच होतो, ही स्थिती २००२ मध्ये बदलली. त्या वर्षी मिफेप्रिस्टोन या औषधाला भारतात परवानगी मिळाली. मिसोप्रोस्टॉल या दुसऱ्या औषधाच्या जोडीने ते दिले जाते, आणि दोन्ही औषधे एकत्र असलेल्या पाकिटाला २००८ मध्ये मान्यता मिळाली. पहिली गोळी गर्भाची वाढ थांबवते. दुसरी गर्भाशय आकुंचित करून ते रिकामे करते. योग्य वेळी व योग्य पद्धतीने घेतल्यास शंभरांपैकी पंचाण्णवहून अधिक स्त्रियांमध्ये आणखी कोणत्याही उपचारांची गरज पडत नाही. शस्त्रक्रियागृह, भूल, खाट यांशिवाय होऊ शकणारा हा उपाय ग्रामीण भागासाठी वरदान ठरावा, अशीच त्याची रचना होती.

प्रत्यक्षात नियमांनी तो उपाय शहरी दवाखान्यांतच अडकवून ठेवला. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर ॲलोपॅथीचा नोंदणीकृत आणि स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या कामाचे प्रशिक्षण घेतलेला असावा लागतो. तो आपल्या दवाखान्यात गोळ्या देऊ शकतो. पण गरज पडल्यास रुग्णाला हलवता येईल असे मान्यताप्राप्त केंद्र त्याच्या हाताशी असले पाहिजे आणि तसे प्रमाणपत्र दवाखान्यात लावलेले असले पाहिजे. शासकीय रुग्णालयांना वेगळी मान्यता लागत नाही. २०२१ च्या नियमांनी नऊ आठवड्यांपर्यंतच्या गोळ्यांसाठी डॉक्टरच्या अनुभवाची अट सैल केली. तथापि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा प्रशिक्षित डॉक्टर असतोच असे नाही. ग्रामीण भागात ज्यांच्याकडे लोक प्रथम जातात त्या आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांना आणि परिचारिकांना हे काम करण्याची मुभा नाही. २०१४ च्या दुरुस्ती मसुद्यात ती देण्याचा प्रस्ताव होता. डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधानंतर तो मागे पडला.

दार अरुंद राहिले की लोक खिडकी शोधतात. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी ७३ टक्के आरोग्यसंस्थांच्या बाहेर, गोळ्या घेऊन झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतही (२०१९-२१) गर्भपात केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी तो घरी स्वतःच केल्याचे सांगितले. म्हणजे घरी गोळ्या घेण्याचा प्रकार भारतात आधीच रूढ आहे. फरक एवढाच की त्या स्त्रीला किती आठवडे झाले हे कुणी तपासलेले नसते, गोळ्या कशा घ्यायच्या हे मेडिकलवाल्याने पाकीट देताना घाईत सांगितलेले असते, आणि रक्तस्राव वाढला तर विचारायला कुणी नसते. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत रुजला असेल तर या गोळ्या निरुपयोगी असतात आणि उशीर जीवघेणा ठरतो. राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे लक्षात घेतले तर या एकाकीपणातील धोका कळतो.

मुलींच्या घटत्या संख्येची छाया

महाराष्ट्रात, आणि नगरमध्ये विशेषत्वाने, गर्भपाताची चर्चा स्त्रीभ्रूणहत्येच्या सावलीत होते. त्याला कारणही आहे. सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या जिल्ह्यात २००१ मध्ये ८८४ होती. २०११ मध्ये ती ८५२ पर्यंत घसरली. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर ती ८०७ वर आली. २०१२ मध्ये परळीचे आणि २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळचे प्रकरण उघड झाले, तेव्हा शासकीय यंत्रणेवर कारवाईचा दबाव आला. सोनोग्राफी केंद्रांबरोबरच अन्न व औषध प्रशासनाची नजर गर्भपाताच्या गोळ्यांकडेही वळली. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री करणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. २०२२ मध्ये संकेतस्थळावरून होणाऱ्या विक्रीवरही कारवाई झाली.

चिठ्ठीविना विक्री बेकायदा आहे यात वाद नाही. मात्र तपासण्या, नोंदी, नोटिसा यांचा ससेमिरा नको म्हणून अनेक दुकानदारांनी ही औषधे ठेवणेच बंद केले. त्यामुळे चिठ्ठी असलेल्या स्त्रीलाही ती मिळेनाशी झाली. येथे दोन कायद्यांची गल्लत होते. गर्भलिंगनिदान हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे; गर्भपात अटींच्या चौकटीत कायदेशीर सेवा आहे. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग साधारणतः बारा-तेरा आठवड्यांनंतर दिसू लागते. गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांत संपते. म्हणजे सुरुवातीच्या काळात घेतलेल्या गोळ्यांचा लिंगनिवडीशी संबंध जोडता येत नाही. उलट लवकरच्या सेवेची वाट बंद झाली की स्त्री उशिराच्या, अधिक धोक्याच्या आणि अधिक संशयास्पद टप्प्यावर ढकलली जाते.

फोनवर काय होऊ शकते?

२५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनविषयी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. नोंदणीकृत डॉक्टर फोन, व्हिडिओ किंवा लेखी संदेशावरून सल्ला व औषधे देऊ शकतो, हे त्यांनी प्रथमच स्पष्ट केले. एप्रिल २०२० मध्ये 'ई-संजीवनी'ची घरबसल्या बाह्यरुग्ण सेवा मोफत सुरू झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत रुग्णाला मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरशी जोडण्याची सोयही या व्यवस्थेत आहे. मात्र या सूचनांमध्ये गर्भपाताच्या गोळ्यांसाठी वेगळी वाट आखून दिलेली नाही, आणि गर्भपात कायद्याचे नियम केंद्राची व डॉक्टरच्या उपस्थितीची भाषा बोलतात. चूक झाल्यास फौजदारी गुन्हा होणार असल्याने केवळ फोनवर तपासून गोळ्या पाठविण्याचे धाडस डॉक्टर करीत नाहीत. त्याच टाळेबंदीच्या पहिल्या तीन महिन्यांत देशातील सुमारे साडेअठरा लाख स्त्रियांच्या गर्भपात सेवेत अडथळा आला, असा अंदाज 'इपास डेव्हलपमेंट फाउंडेशन' या संस्थेने मांडला होता. सेवा 'अत्यावश्यक' ठरविली गेली होती. पण तिच्यापर्यंत जाण्याची वाहने बंद होती.

तरीही प्रचलित चौकटीत फोनला भरपूर जागा आहे. गोळ्यांनी होणाऱ्या गर्भपातासाठी रूढ पद्धतीत तीन भेटी धरलेल्या आहेत : पहिल्या दिवशी तपासणी व पहिली गोळी, तिसऱ्या दिवशी दुसरे औषध आणि पंधराव्या दिवशी फेरतपासणी. डॉक्टरला योग्य वाटल्यास दुसरे औषध घरी घेता येते. शहरात रिक्षाने होणाऱ्या या तीन भेटी राजूर किंवा खर्ड्याच्या परिसरातील स्त्रीसाठी तीन दिवसांचा खाडा, तीन वेळचे भाडे आणि घरी सांगायची तीन कारणे असतात.

यातील एकच भेट प्रत्यक्ष होणे अपरिहार्य आहे. त्याआधीचे काम फोनवर होऊ शकते. शेवटच्या पाळीच्या तारखेवरून आठवडे मोजणे, रक्तक्षय, दमा, रक्त न गोठण्याचा विकार किंवा पोटात एका बाजूला दुखणे आहे का हे विचारणे, कोणत्या केंद्रात कोणत्या दिवशी प्रशिक्षित डॉक्टर असेल हे सांगणे, यासाठी स्त्रीने प्रवास करण्याची गरज नाही. चौकशीसाठी म्हणून केलेली आणि डॉक्टर नसल्याने वाया गेलेली फेरी वाचली, तरी एक आठवडा वाचतो. गोळ्या घेतल्यानंतरच्या दिवसांत रक्तस्राव अपेक्षेइतका आहे की जास्त, ताप आहे का, याची विचारपूस फोनवर होऊ शकते. पंधराव्या दिवशीची फेरतपासणीही लक्षणे विचारून बऱ्याच अंशी करता येते. शंका असेल तरच स्त्रीला बोलवावे. तीन फेऱ्यांच्या जागी एक, हाच या सेवेचा आजच्या कायद्यात बसणारा लाभ आहे.

जगाचा अनुभव

यापुढे जाता येते का, याचे उत्तर इंग्लंडने दिले आहे. मार्च २०२० मध्ये तेथे दहा आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी फोनवर सल्ला घेऊन दोन्ही गोळ्या टपालाने घरी मागविण्यास तात्पुरती परवानगी मिळाली. ५२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीच्या तुलनेत सुरक्षिततेत उणेपणा आढळला नाही. प्रतीक्षेचा काळ मात्र सरासरी चार दिवसांनी घटला आणि गर्भपात अधिक लवकरच्या आठवड्यांत होऊ लागले. २०२२ मध्ये ही सोय कायम करण्यात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत टेलिमेडिसिनद्वारे गोळ्यांच्या गर्भपाताची सेवा देण्याची शिफारस केली.

इंग्लंडचे उदाहरण जसेच्या तसे उचलता येणार नाही, हेही खरे. तेथे टपालाने आलेल्या गोळीच्या मागे चोवीस तासांचा फोन, जवळचे रुग्णालय आणि विनामूल्य उपचार उभे असतात. आपल्याकडे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण पावसाळ्यात घाटातील वाडीवर ती किती वेळात पोहोचेल याचा हिशेब डॉक्टरला करावाच लागतो. त्या दृष्टीने नेपाळ अधिक जवळचा वाटतो. डोंगराळ प्रदेश आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या या देशाने २००२ मध्ये गर्भपात कायदेशीर केला आणि पुढे प्रशिक्षित परिचारिका व सहायक परिचारिका-प्रसाविकांना गोळ्या देण्याची मुभा दिली.

जामखेडने दिलेला धडा

प्रशिक्षित स्थानिक स्त्रीच्या हाती आरोग्यसेवा सोपविण्याची कल्पना नगर जिल्ह्याला परकी नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. बाळंतपण, बालकांचे आजार, कुटुंबनियोजन यांची जबाबदारी या स्त्रियांनी पेलली. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचे नाव जगाच्या आरोग्यशास्त्रात गेले. २००५ नंतर गावोगावी आलेली 'आशा' ही याच विचाराच्या कुळातील.

जामखेडच्या प्रयोगाचा गाभा यंत्रात नव्हता, विश्वासात होता. जिच्याशी बोलता येते अशी एक जाणती बाई गावात असणे हा तो गाभा. टेलिमेडिसिनच्या चर्चेत नेमके हेच सुटते. राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरतात असा मोबाइल आहे. इंटरनेट कधीही वापरलेल्या स्त्रिया तर एकतृतीयांशच. घरातील फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. नोंदणीचा सांकेतिक क्रमांक त्याच फोनवर येतो आणि चिठ्ठीही तेथेच येते. ज्या गोष्टीसाठी गुप्तता हवी, तिची खबर सर्वांत आधी त्या फोनलाच लागते. अविवाहित मुलीसाठी किंवा घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीसाठी हा अडथळा घाटरस्त्यापेक्षा मोठा आहे.

अल्पवयीन मुलींचा प्रश्न याहून अवघड. राज्यात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले. अठराखालील मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते आणि बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार पोलिसांना कळविणेही बंधनकारक ठरते. मुलीने विनंती केल्यास तिची ओळख उघड करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात म्हटले आहे. तरीही पोलिसांच्या भीतीने कुटुंबे मान्यताप्राप्त केंद्राऐवजी आडवाट धरतात.

जिल्ह्याला काय करता येईल?

कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे. पण काही कामे जिल्हा पातळीवरही होऊ शकतात. कोणत्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात ही सेवा कोणत्या दिवशी मिळते, याची खात्रीशीर यादी प्रत्येक उपकेंद्रात आणि आशांकडे असणे, ही त्यातील सर्वांत स्वस्त गोष्ट. उपकेंद्रातील व्हिडिओ सल्ल्याच्या वेळेत आठवड्यातून एक दिवस स्त्रीरोगविषयक सल्ल्यासाठी राखून ठेवला, तर गर्भपाताची चौकशी करणारी स्त्री पाळीच्या तक्रारी सांगणाऱ्या इतर बायकांमध्ये वेगळी उठून दिसणार नाही, आणि बोलणे तिच्या घरच्या फोनवर न होता बंद खोलीत होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांचे प्रशिक्षण वाढविणे, मान्यताप्राप्त केंद्रांना गोळ्यांचा नियमित पुरवठा करणे आणि चिठ्ठीवर औषध देणाऱ्या दुकानदाराला विनाकारण त्रास होणार नाही असे औषध प्रशासनाने स्पष्ट करणे, ही त्यापुढची पावले. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात फडांवर होणाऱ्या आरोग्य तपासणीतही हा विषय येऊ शकतो.

फोनने रस्ता होत नाही, आणि ज्या केंद्रात डॉक्टर नाही तेथे फोन डॉक्टर निर्माण करीत नाही. पण कोठे जायचे, कधी जायचे आणि किती वेळा जायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे स्त्रीला घर सोडण्यापूर्वी मिळाली, तर सहाव्या आठवड्यात सुरू झालेली धावपळ बाराव्या आठवड्यापर्यंत लांबणार नाही. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेचे यश शेवटी त्या सहा आठवड्यांवरच जोखावे लागेल.

लक्षात ठेवण्याजोगे

- नऊ आठवड्यांची मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते, संबंधाच्या दिवसापासून नव्हे.
- अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीसाठी तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. लग्नाचा दाखला किंवा पतीची सही आवश्यक नाही.
- गोळ्या केवळ प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. चिठ्ठीविना विक्री हा गुन्हा आहे.
- सलग दोन तास, दर तासाला दोनहून अधिक पॅड पूर्ण भिजणे, ताप न उतरणे, पोटात असह्य दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी फोनवरच्या सल्ल्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.
- गोळ्या घेऊनही रक्तस्राव झालाच नाही, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता तपासणे आवश्यक असते.
- गर्भपात कुठेही, कसाही झाला असला तरी त्यानंतरच्या त्रासावर उपचार नाकारता येत नाहीत.
- आरोग्यविषयक सल्ल्यासाठी राज्यात १०४ आणि तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.